हावऱ्या सुराचा घास

सुमनकाकू होत्या म्हणून, मामंजी. आधी त्यांचं नाव लिहिते, मग बाकीचं. आपल्या घराच्या भिंतीला भिंत लावून त्यांची पिठाची गिरणी. त्या दुपारी कुणाचे तरी नवे गहू दळायला घातलेले, ते तसेच सोडून त्या तुमच्याकडं धावल्या. तुमचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून ओठाला लावला आणि पिठाच्या हातानं आम्हाला फोन केला. तुमचा मुलगा आणि सून कुठं, तर होसूरला, तामिळनाडूत. काकू नसत्या तर चारठाण्याच्या त्या ओट्यावर तुम्ही एकटेच गेला असतात.

आज बावीस दिवस झाले. आम्ही परत होसूरला आलो आहोत. हे म्हणतात, तुमच्या फोटोखाली चार ओळी छापून आणू, तूच लिही, तुझं अक्षर बरं आहे. अक्षर बरं असेल, पण सातवीत शाळा सुटल्यापासून मी किराण्याच्या यादीपलीकडं काही लिहिलेलं नाही. आणि माझं चार ओळींत मावत पण नाही. मला तुम्हाला एक विचारायचं होतं. वर्षभर विचारायचं होतं. आता ज्याला विचारायचं तो माणूस गेल्यावर वही घेऊन बसले आहे, म्हणजे बघा माझी अक्कल.

तुमचा तंबोरा मी मुका केला का, एवढंच विचारायचं होतं.

लग्न होऊन आले तेव्हा मला तुमच्या घरात सगळ्याचीच भीती वाटायची. म्हशीची, विहिरीची, दारात आलेल्या माणसाला पाणी आधी द्यावं का चहा, त्याची. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हणजे रागावायलाही कुणी नव्हतं, आणि रागावणारं कुणी नसलं की माणूस जास्तच भितं. तुम्ही शेत बघून उरलेल्या वेळात जिंतूरकडच्या गावोगावच्या भजनी मंडळांच्या वीणा आणि तंबोरे दुरुस्त करत बसायचात. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. एक दिवस कणीक मळता मळता तोंडातून निघून गेलं, "दुसरी उतरली."

तुम्ही दारात येऊन उभे राहिलात.

"काय म्हणलीस?"

"काही न्हाई मामंजी."

"दुसरी तार उतरली म्हणलीस. कशावरून?"

"चुकलं माझं."

"आगं चुकलं न्हाई, बराबर हाय. मी इचारायलोय, कळलं कशावरून?"

मी खरं होतं तेच सांगितलं. "दात शिवशिवले."

तुम्ही एवढ्यानं हसलात की काकू गिरणीतून भिंतीवर वाकून बघायला लागल्या. "काय झालं वो भाऊजी?" "सुमन, आमच्या सूनबाईच्या दातात पेटी हाय! सूर उतरला की दुखायलेत!" पुढं महिनाभर गल्लीतली बाई भेटली की, "का गं शोभे, दात कसे हायेत?"

त्या दिवसापासून मी तुमचं बोट झाले. तुमचंच म्हणणं, प्रत्येक वाद्यात एक सूर हावरा असतो. बाकीचे सूर शिस्तीत येतात, थोडा वेळ थांबतात, निघून जातात. हा एक येतो तो दणकन, शेजारच्या तारांचंही खाऊन टाकतो आणि लगेच मरतो. मागं नुसती घरघर राहते. त्याला घास द्यायचा. मधाच्या पोळ्याचं मेण, हरभऱ्याएवढं, तबलीवर म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या त्या पातळ लाकडावर, नेमक्या जागी दाबून चिकटवायचं. घास तोंडात पडला की हावरा गप. मला आधी वाटलं, थट्टा करताय. लाकडाला काही चिकटवलं तर आवाज कमीच होणार की. पण पहिल्यांदा मेण लावून तुम्ही तारा छेडल्या आणि मला चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, जशी बाजारातल्या गर्दीतून आपली माणसं ओळखू यावीत. त्या दिवशी भाकरी करपली. तुम्ही करपलेलीच दोन खाल्लीत.

घासाची जागा शोधायला दोन माणसं लागतात. एकानं तार छेडायची, दुसऱ्यानं तबलीवर बोट टेकवत टेकवत फिरायचं. जिथं बोट ठेवल्यावर घरघर थांबते तिथं खडूची खूण. मी येण्याआधी तुम्ही एकटेच पायाच्या अंगठ्यानं तार छेडून हातानं जागा शोधायचात, आणि काकू विचारायच्या, "भाऊजी, दुरुस्ती करायलाव का योगासनं?" मी आल्यावर अंगठा सुटला. मग गल्लीत दुसरं सुरू झालं. सून सासऱ्यासमोर मांडी घालून बसती, डोक्यावर पदर न्हाई, कामधंदा न्हाई. मला ते कानावर आलं तेव्हा आठ दिवस मी तुमच्यासमोर आलेच नाही. तुम्ही बाहेर एकटेच तार छेडत राहायचात, हाक मारायचा नाहीत. काकूंनीच मिटवलं. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांना म्हणाल्या, "तिचं बोट तरी कामाला येतंय. तुमच्या सुनांची बोटं मोबाईलवरच झिजायलीत." नवव्या दिवशी मी परत बसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "जरा डावीकडं सरक. हां. तिथंच."

मला तुम्ही कधी काही शिकवतो असं म्हणाला नाहीत. शाळेत मला 'तुझ्या डोक्यात काही शिरत नाही' असं सांगणारे लय होते. तुम्ही डोक्याचं काही विचारलंच नाही. बोटाला काय कळतंय तेवढं विचारायचात, आणि मी जे सांगेन ते खरं धरून त्या जागेवर मेण लावायचात. माझ्या बोलण्यावर कुणी काही चिकटवतंय, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुमचा स्वतःचा मोठा तंबोरा मात्र तुम्हाला जन्मभर दाद देईना. परभणीच्या एका म्हाताऱ्या गायनाच्या मास्तरांकडून आणलेला. त्याचा हावरा सूर नेमका तिथं, जिथं तुमचा गळा बसायचा. वर चढवून लावावा तर तुम्हाला गाता येईना, उतरवून लावावा तर तारा ढिल्या. मेणाचा घास दिला की दिवाळी ते होळी झकास. पण आपल्याकडचा चैत्र वैशाख म्हणजे तवाच. मेण वितळून घरंगळायचं, तबलीवरून खाली ओघळ, आणि हावरा परत मोकाट. त्यात तो टांगलेला गिरणीच्या भिंतीला. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि तंबोरा कुणी हात न लावता आपला आपण भणभणायचा. तुम्ही तारांना जुन्या धोतराची चिंधी बांधून ठेवायचात आणि म्हणायचात, "सुमनच्या गिरणीला गाणं लय आवडतं, पण तालात न्हाई."

मग आम्ही इकडं आलो. ह्यांना कंत्राटदारानं गाडीच्या कारखान्यात लावलं, वर्षानं मलाही. माझं काम दारांचं. गाडीच्या दाराचा पत्रा समोर येतो. त्याला आतून काळी जाड पट्टी चिकटवायची. मागचा कागद सोलायचा, पट्टी बसवायची, वरून रोलर दाबून फिरवायचा, कडेला हवा राहता कामा नये. पहिल्या दिवशी आमच्या मॅडमनी बोटाच्या पेरानं दोन दारं वाजवून दाखवली. बिनपट्टीचं टण्ण. पट्टीचं ठप. त्यांची भाषा मला एक अक्षर कळत नव्हती, पण एवढं ऐकलं आणि मला हसूच आलं. चारठाण्याहून एवढ्या लांब येऊन माझ्या ओळखीचं एक तरी काही निघालं. जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला फोन केला.

"मामंजी, इथं पण घासच लावतेत."

"कशाला?"

"दाराला. गाडीच्या."

"दार कुठं गातंय पोरी?"

"गाऊ नये म्हणून लावतेत."

तुम्ही हसलात. मग म्हणालात, "मग तो घास न्हाई. ते तोंडात बोळा कोंबणं झालं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. दर रविवारी तेच. मी म्हणायची, गोष्ट एकच आहे, थरथर कमी करायची. तुम्ही म्हणायचात, "कमी करायची हे बराबर. पण कुणाची, ते बघायचं का न्हाई?" मी म्हणायची, तुमचं मेण उन्हात वितळतं, आमची पट्टी वितळत नाही. "आमची? कारखाना काय तुझ्या नावावर हाय?" "मग मेण तरी तुमचं कुठं हाय मामंजी, मधमाश्यांचं हाय." हे बाजूला बसून म्हणायचे, तुम्ही दोघं फोनवर भांडता का भजन करता तेच कळत नाही. ते भांडण मला लय आवडायचं. आठवडाभर मी पट्टी चिकटवता चिकटवता पुढच्या रविवारी काय बोलायचं ते जुळवायची.

आणि जिंकायची घाई झाली मला. दुसरं काही नाही.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला घरी येताना मी पट्टीची कातरणं मागून आणली. मॅडमनी मान हलवून ने म्हणून सांगितलं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी काढून दाखवली. तुम्ही ती नखानं दाबून पाहिलीत, वास घेतलात. "डांबरावानी वास यायलाय." मी म्हणाले, उन्हाला काही होत नाही हिला, यंदाचा चैत्र बघाच. तुम्हाला नको होतं का? मला आता तुमचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आठवतो तो माझ्याकडं कौतुकानं बघणारा. मी पट्टीकडं बघत होते. खरं काय ते मला माहीत नाही.

खडूची खूण केलीच नाही आपण. सुट्टी चार दिवसांची, पाहुणे, फराळ. मागच्या मेणाचा डाग होता, त्याच्यावरच बसवायचं ठरवलं. मेण असायचं हरभऱ्याएवढं. पट्टी मी कापली तळहाताएवढी. हाताला तीच सवय, दाराची. तुम्ही म्हणालात, "घास लय मोठा वाटायलाय." मी म्हणाले, "हावऱ्याला भरपूर लागतं." रोलर नव्हता तर स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. कारखान्यात शिकवल्यासारखं मधून कडेकडं, कडेकडं, सगळी हवा काढत, तबलीवर लाटणं फिरवलं. दारावर कधी बसली नसेल एवढी पक्की बसवली मी ती, मामंजी.

तुम्ही तारा छेडल्यात. डोळे मिटून बराच वेळ छेडत राहिलात. मग म्हणालात, "गेला हावरा."

गेला होता खरंच. मी एवढी खूश झाले की त्याच्याबरोबर आणखी कोण कोण गेलं हे ऐकायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही निघालो.

चैत्रात एकदा तुम्ही व्हिडिओवर होतात. उकाड्याचं बोलत होतात, म्हशीचं बोलत होतात. मागं गिरणी सुरू असल्याचं मला ऐकू येत होतं. तुमच्या डोक्यावर भिंतीला तंबोरा दिसत होता. तारांना चिंधी बांधलेली नव्हती. आणि तंबोरा गप होता. भणभण नाही, काही नाही. मी बघत राहिले. तुम्ही विचारलंत, "काय बगायलीस?" मी म्हणाले, "मोठा तंबोरा लावत न्हाई का आता?" तुम्ही म्हणालात, "तारा उतरून ठिवल्यात. ऊन लय हाय."

मी हो म्हणाले. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी विचारणार होते. फोन लावायच्या आधी पाणी प्यायची, मनात जुळवायची. मग तुम्ही दुसरंच काही बोलायचात आणि मला बरं वाटायचं की आज वाचले. आपलं भांडणही बंद पडलं. मी पट्टीचं नाव काढायची नाही, तुम्ही मेणाचं काढायचा नाहीत. नुसतं जेवलात का, जेवलीस का. मागच्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. खरं सांगते, मला रडू आलं आणि आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारख्या वाटण्याची मला आता एवढी लाज वाटते की हे ह्यांनाही सांगितलेलं नाही.

आणि ती दुपार. माझी जेवणाची सुट्टी. फोनवर काकूंचा आवाज, "शोभे, भाऊजींना बघ काय व्हायलंय, बोल, बोल त्यांच्यासंगं," आणि त्यांनी फोन तुमच्या कानाला लावला. तुमचा श्वास ऐकू येत होता. त्याच्यामागं गिरणी. गहू संपले होते बहुतेक, दगडावर दगड घासत होता, पत्रा ओरडत होता. तुम्ही काहीतरी म्हणालात. मला फक्त 'सुमन' आणि 'गिरणी' एवढंच कळलं. काकूंना कमी ऐकू येतं, पण जमिनीचा हादरा त्यांच्या पायाला कळला असणार. त्या म्हणाल्या, "आलेच बंद करून," आणि फोन तुमच्या छातीवर ठेवून पळाल्या.

ते एक मिनिट तुमच्यापाशी मी होते, मामंजी. दुसरं कुणीच नव्हतं. तेव्हा विचारता आलं असतं. निदान चुकले म्हणता आलं असतं. मी काय म्हणाले? "गोळी घेतली का? मामंजी, गोळी घेतली का?" तीनदा तेच. मग गिरणी बंद झाली. एकदम सगळं शांत. त्या शांततेत मी कान फुटेस्तोवर फोन दाबून धरला, पण श्वास ऐकू येईना. मग पावलं आली पळत, आणि काकू म्हणाल्या, "पोरी..."

आम्ही बेंगळुरूहून नांदेडच्या गाडीत बसलो, परभणीला उतरलो, तिथून जिंतूरची बस. ऊन वाढलं होतं, आम्ही पोचेपर्यंत तुम्हाला ठेवता आलं नाही. अग्नी ह्यांच्या चुलतभावानं दिला. हे गाडीत उभेच होते, बसायला जागा मिळाली तरी बसले नाहीत.

घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी तंबोऱ्याला हात लावला. तारा उतरवलेल्या नव्हत्या. चारही ताणून, सुरात. म्हणजे भिंत थरथरत असताना, चिंधी नसताना, तारा लागलेल्या असताना तो गप राहिला होता. मी खर्जाची तार छेडली. जाड तार, तुमच्या पोटातून यायचा तसा आवाज असायचा तिचा. ठप. दार वाजवल्यासारखं. माझ्याच कामाचा आवाज.

मग पट्टी पाहिली. तळहाताएवढी नव्हती ती. दोन्ही बाजूंनी कापत कापत निम्म्यावर आणलेली. कडा गव्हाच्या दाण्याएवढ्या बारीक पट्ट्यांनी सोलल्यासारख्या. एका जागी लाकडाचा पापुद्रा निघाला होता, तिथं मेण आणि लाकडाचा भुसा भरून बोटानं सारवलेलं. तुमच्या बोटाची रेघ त्यात तशीच होती.

काकू मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुला सांगावं का न्हाई ते कळंना गं. तू गेलीस आन् आठ दिवसांत त्यांना कळलं हुतं. म्हणले, हावऱ्यासंगं खर्ज बी गेला."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"काय?"

"मला का न्हाई सांगितलं!"

"आगं वरडू नको, बाहीर माणसं बसल्यात." मग माझ्या कानाशी येऊन, स्वतःला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणले, सुमन, पोरीला कळू द्यायचं न्हाई. तिकडं दिसभर हेच काम करती. हात थरथरंल तिचा."

मी तंबोऱ्यापाशी बसून राहिले नुसती.

काकूंनीच सगळं सांगितलं. लाईट गेली की गिरणी बंद, तेवढ्या वेळात तुम्ही त्यांना हाक मारायचात. दिव्यावर चाकू गरम करून पट्टीची एक कड कापायची, मग तार छेडायची, आणि काकूंनी तबलीवर बोट ठेवायचं. माझ्या बोटाच्या जागी. "मला काय ऐकू येतंय? पर बोटाला कळायचं. ते म्हणायचे, सुमन, घरघर हाय का? मी म्हणायची, मुंग्या यायल्यात, म्हंजी हाय." वर्षभर चाललं होतं हे. जास्त कापलं की हावरा उठायचा, कमी कापलं की खर्ज उठायचा नाही. मग तो पापुद्रा निघाला आणि तुम्ही चाकू ठेवून दिला. म्हणालात, दिवाळीला पोरगी येती, तवा दोघं मिळून काढू. तिला तवाच सांगू, समोर बसवून.

आणि मग सुट्टी मिळाली नाही म्हणून माझा फोन आला.

म्हणजे तुम्ही सांगणार होतात. मी विचारणार होते. दोघांनाही एकच दिवाळी हवी होती, मामंजी.

तेराव्याची माणसं गेल्यावर आम्ही तिघं बसलो. हे तार छेडायला, काकू बोट ठेवायला, मी चाकू घेऊन. तुम्ही कापलेल्या कडेला लागून आणखी एक दाणाभर पट्टी मी काढली. हात थरथरला. ह्यांनी खर्ज छेडला. परत छेडला. परत.

"कसं वाटायलंय?" मी विचारलं.

हे म्हणाले, "मला तर हुतं तसंच वाटायलंय."

काकू म्हणाल्या, "बोटाला बरं लागतंय. का माझंच बोट थरथरायलंय, काय की."

आणि मला काही कळेना. दात शिवशिवले नाहीत, काही नाही. आवाज उघडला का मला उघडायला हवा म्हणून उघडल्यासारखा वाटला, हे सांगणारं कुणी नव्हतं. आणखी एक दाणा काढावा तर पापुद्रा यायचा. न काढावा तर तो असाच ठप. अजून दोन बोटं रुंद पट्टी शिल्लक आहे. तुमच्या मनात ती किती ठेवायची होती, माहीत नाही. मी चाकू खाली ठेवला. तुमचा तंबोरा मी गोधडीत गुंडाळून काकूंच्या घरात, गिरणीपासून लांबच्या खोलीत ठेवून आले आहे. पळून आल्यासारखी आले आहे.

इथं आता मला तपासणीला उभं करतात. पट्टी नीट बसली का, हे दार वाजवून मी कानानं सांगते. बारावी झालेल्या पोरींना जे जमत नाही ते मला जमतं, आणि ते कुणामुळं हे मॅडमना सांगायला मला भाषा नाही. परत आल्यावर पहिल्या दिवशी दार वाजवलं. ठप. बरोबर आहे. पुढचं. ठप. बरोबर. दिवसभर सगळी बरोबर निघाली. संध्याकाळी बसमध्ये ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही, डोकं दुखतंय.

पण एक लिहायचंच आहे. त्या दुपारी गिरणी रिकामी फिरली ती चांगलीच फिरली. दगड घासून बाद झाले. काकू हे मला बोलल्या नाहीत, दळणाला आलेल्या बाईकडून कळलं. दगड नीट करून आणले, पण गिरणी आता पहिल्यापेक्षा जास्त हादरते, पत्रा जास्त ओरडतो. काकूंचा डावा कान आधीच गेल्यात जमा आहे. दवाखान्यात सांगितलंय, आवाजापासून लांब राहा. गिरणीवालीनं कुठं लांब राहायचं? निघताना मी त्यांना दोनदा म्हणाले, काकू, कानात कापूस घाला. दोन्ही वेळेस त्या म्हणाल्या, "काय?"

तुमच्यासाठी धावल्या म्हणून गिरणीचं हे झालं. त्यांचे उपकार फेडायला माझ्याकडं दुसरं काही नाही, एवढं एकच काम येतं मला. गिरणीच्या पायाखाली जाड रबर, पत्र्याला पट्टी. मॅडमना खाणाखुणांनी विचारलंय, त्या बघू म्हणाल्या असाव्यात. सुट्टी कधी मिळेल ते माहीत नाही, जमेल का तेही माहीत नाही, मला आता माझ्या हाताची खात्री वाटत नाही. पण ह्या वेळेस घाई करणार नाही. आधी पूर्ण एक दिवस गिरणीला नुसता हात लावून बसेन, कुठून हादरते ते बघेन, खूण करेन, मग कापेन, आणि लहानच कापेन. काकूंचा उजवा कान मी वाचवीन, मामंजी. हे तुम्हाला विचारत नाही, सांगून ठेवते.